प्लायवूडचा भाव ठरतो कशावर?

ताईंनो, परवा एका गटाच्या बैठकीत घरदुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला. सोबत प्लायवूडची दोन कोटेशनं. जाडी तीच, १८ एमएम, पण एकाचा भाव दुसऱ्याच्या दीडपट! सगळ्या म्हणाल्या, स्वस्तातलंच घेऊ. मी विचारलं, "लावायचंय कुठे?" तर ओट्याखाली.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर, एक उभा, एक आडवा, डिंकाने चिकटवलेले. खरा फरक या डिंकात. एमआर ग्रेडचा डिंक दमट हवा सोसतो, पण सतत पाणी लागलं की थर सुटतात. बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन प्लायचा (आयएस ७१०) डिंक उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, म्हणून तो महाग. आतलं लाकूडही विचारा. पॉपलर हलकं, स्वस्त. निलगिरी जड, मजबूत. मोरीजवळ एमआर लावलं आणि फुगलं, तर दार भंगारात आणि हप्ते मात्र चालूच.

आणि हो, भाव फुटाचा की शीटचा, हे आधी विचारा. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फूट भरते. समजा ६० रुपये फूट सांगितला, तर शीट १९२० ला पडली. वर १८ टक्के जीएसटी धरला की २२६५ च्या पुढे, टेम्पोभाडं वेगळंच. दोघीतिघींनी एकदम माल आणला तर भाडं वाटून जातं.

त्या ताईंनी शेवटी ओट्यापुरतं मरीन घेतलं, फडताळाला एमआर.