डागडुजीची विद्या

सोलापूरच्या वस्त्रव्यवसायाचा इतिहास बहुधा गिरण्यांचे भांडवल, कामगारांचे लढे आणि बाजारातील चढउतार यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु १८७७ साली सुरू झालेल्या, 'जुनी गिरणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिरणीपासून आजच्या यंत्रमाग-कारखान्यांपर्यंतचा काळ न्याहाळला असता, या साऱ्या उलाढालीच्या तळाशी आपल्या हत्याराची डागडुजी आपणच करण्याची एक अनामिक विद्या अखंड राबत राहिल्याचे दिसते.

या विद्येचे मूळ हातमागापाशी आहे. तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात वसलेल्या पद्मशाली कुटुंबांत माग हा घराचाच घटक असे, आणि बिघडली म्हणून वस्तू टाकून देण्याची वहिवाट तेथे नव्हती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे टोक खरबरीत झाले की ते ताण्याचे उभे धागे तोडते, म्हणून विणकर ते घासून गुळगुळीत करी. फणीचा एखादा दात वाकला तर कापडावर उभी रेघ उमटते, म्हणून तो हलक्या हाताने सरळ करी. यंत्रमाग आल्यावर धोट्याला ठोकर देणारा म्हशीच्या कातड्याचा पिकर तेलात मुरवून ठेवण्याची खबरदारी या विद्येत मिसळली, कारण कोरडे कातडे लवकर फुटते.

सोलापुरी चादरीला कीर्ती मिळवून देणाऱ्या जकार्डाची दुरुस्ती याहून सूक्ष्म. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोझेफ मारी जकार्ड याने सिद्ध केलेल्या या रचनेत छिद्रे पाडलेले पुठ्ठे एकामागून एक फिरतात आणि कोणता धागा उचलावयाचा याचा हुकूम देतात. एखादे छिद्र फाटले वा बुजले, तर फुलाची पाकळी प्रत्येक आवर्तनात नेमकी त्याच जागी बिघडते. जाणता कारागीर कापडावरील दोष वाचून तो पुठ्ठा हुडकून काढतो, त्यावर ठिगळ चिकटवतो आणि नवे छिद्र पाडतो.

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये वटहुकमाने सरकारने तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यातून उद्भवलेले दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून मालमत्तेच्या हक्काची देशव्यापी चर्चा झाली. भागधारकाचा हक्क किती, याचा निवाडा तेथे झाला. यंत्र उघडून पुन्हा जोडू शकणाऱ्या, म्हणजे हीच विद्या जाणणाऱ्या, जॉबराचा त्यावरील अधिकार मात्र कोणत्याही दस्तऐवजात नोंदला गेला नाही. पुढे शहरातील गिरण्या एकेक करून थांबल्या, तरी तो अधिकार लहान कारखान्यांच्या छपरांखाली टिकून राहिला.

या काटकसरीचा गौरव करताना तिची किंमतही जमाखर्चात मांडलीच पाहिजे. डागडुजीने माग चालता राहतो, वेगवान होत नाही. आणि धोटाविरहित मागांशी स्पर्धा पडली की जुन्या यंत्राचा गोंगाट व मंद गती यांचा भार अखेर मजुराच्या अंगावर येतो. तथापि नव्या मागाचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडताच कारखानदाराला बाहेरगावच्या तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागते, आणि तेवढ्या मुदतीपुरती त्याची मालकी कागदावरच उरते. म्हणून यंत्राची निवड करताना वेगाइतकीच चौकशी सुट्या भागांची आणि यंत्र येथेच उघडता येईल की नाही याची व्हावी. जुन्याचा मोह न धरताही डागडुजीची विद्या राखण्याचा मार्ग हाच आहे.