जे वापरात राहिलं, ते उरलं

रोममध्ये शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचे पहिले आठवडे कागदपत्रांत जातात. पोस्टात रांग लावून निवास परवान्याचा अर्ज द्यायचा, कर क्रमांक काढायचा, परवडेल अशी खोली शोधायची. ही सगळी कामं मी पायी फिरून केली आणि त्या पायपिटीतच शहराची ओळख होत गेली. वळणावर अचानक जुनी विटांची भिंत दिसते, दोन दुकानांच्या मधोमध संगमरवरी खांब उभा असतो. तहान लागली तर रस्त्याकडेच्या बिडाच्या नळांना पिण्याचं पाणी अखंड वाहत असतं.

सुरुवातीला हे सगळे अवशेष सारखेच वाटतात. आमच्या प्राध्यापिकांनी ते वाचण्याची एक सोपी रीत सांगितली. इमारत कोणी बांधली, हे पाटीवर लिहिलेलं असतंच. आपण विचारायचं ते एवढंच, की पुढे ती कोणी वापरली? हा प्रश्न घेऊन फिरायला लागल्यावर रोमचे दगड बोलू लागले.

पँथिऑनपासून सुरुवात करू. सम्राट हेड्रियनच्या काळातल्या या मंदिराच्या घुमटाचा व्यास 43 मीटरहून अधिक आहे आणि त्यात लोखंडी सळ्या नाहीत. सळ्यांविना उभा असलेला जगातला सर्वांत मोठा काँक्रीटचा घुमट आजही हाच आहे. रोमन कारागिरांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली, तळाला जड दगडाची खडी घातली आणि माथ्याकडे हलका, सच्छिद्र दगड वापरला. घुमट पेलला तो या हिशेबामुळे. पण एवढी शतकं तो टिकला, त्याला आणखी एक कारण आहे. 609 मध्ये पँथिऑनचं चर्च झालं. तिथे प्रार्थना चालू राहिल्या, म्हणून छताची आणि भिंतींची काळजी घेणारं कोणीतरी कायम असायचं. तरीही 17व्या शतकात पोप अर्बन आठवे यांनी द्वारमंडपाच्या छतातलं ब्राँझ काढून नेलंच.

कलोसियमच्या वाट्याला असा धनी लवकर आला नाही. इ.स. 80 साली खुल्या झालेल्या या आखाड्यातले खेळ सहाव्या शतकात थांबले. आज त्याच्या भिंतींवर जागोजागी खळगे दिसतात. दगड एकमेकांना जखडणाऱ्या लोखंडी पकडी लोकांनी मध्ययुगात उकरून काढल्या, त्याच्या या खुणा. 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, कारण त्या बाजूचा पाया गाळाच्या मऊ जमिनीवर होता. पडलेले दगड शहरातल्या वाड्यांच्या आणि चर्चच्या बांधकामात गेले. 18व्या शतकात पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ही जागा ख्रिस्ती हुतात्म्यांसाठी पवित्र म्हणून जाहीर केली आणि तेव्हा कुठे दगडांची ने-आण थांबली.

सर्वांत जास्त वेळ मी रोमन फोरममध्ये घालवला. ही मुळात दलदलीची दरी. क्लोआका मॅक्सिमा या मोठ्या गटारातून पाणी नदीत सोडून रोमनांनी ती कोरडी केली आणि तिथे सभा, न्यायालयं, मंदिरं उभारली. साम्राज्य ढासळल्यावर निचऱ्याची देखभाल संपली. टायबरच्या पुराचा गाळ आणि पडझडीचा राडारोडा साचून जमीन कित्येक मीटर वर आली, तिच्यावर गुरं चरू लागली. लोक या जागेला ‘गाईंचं कुरण’ म्हणू लागले. शिल्पांचा आणि खांबांचा संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला गेला. 1519 च्या सुमारास चित्रकार राफाएलने पोप लिओ दहावे यांना पत्र लिहून हा नाश थांबवण्याची कळकळीची विनंती केली होती.

याच फोरममध्ये अँटोनायनस आणि फॉस्टिना यांच्या मंदिराचे दहा खांब ताठ उभे आहेत, कारण त्याच्या आत पुढे चर्च झालं. त्या चर्चचा दरवाजा आज खूप उंचावर अधांतरी दिसतो. तो बसवला तेव्हा जमीन तिथपर्यंत आलेली होती; उत्खननात ती खाली गेली आणि दार वरच राहिलं. जवळचं सिनेटचं सभागृहही सातव्या शतकात चर्च झालं, म्हणून शाबूत राहिलं.

फोरममधून जाणाऱ्या पवित्र मार्गालगत सम्राट डोमिशियनने मसाल्यांची कोठारं बांधली होती. तिथली मिरी आपल्या मलबारची. रोमकडे जाणाऱ्या या व्यापारात महाराष्ट्राचाही हात होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. 1938 मध्ये पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

आणि तेरलाही पँथिऑनसारखीच गोष्ट आहे. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर मागच्या बाजूने अर्धगोल आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं. पुढे तिथे विष्णूची पूजा सुरू झाली आणि म्हणूनच विटांची इतकी जुनी वास्तू आपल्याला आज उभी दिसते.

काळ एकटाच इमारती पाडत नाही. माणसांनी पाठ फिरवली की निचरा तुंबतो, लोखंड चोरीला जातं, कोरीव दगड कोणाच्या तरी जोत्यात जातो. आपल्या गावाबाहेरचं पडकं मंदिर, गाळाने भरलेली बारव, झुडपांत हरवलेली वेस यांचंही हेच होतं. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि मार्गदर्शनाने बारवेतला गाळ काढा, पोरांना घेऊन तिथे जा, वर्षातून एखादा कार्यक्रम तिथे घ्या. आणि परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना एक सांगणं: रोम जरूर पाहा, पण त्याआधी एकदा तेर पाहून या.