आंबवड्याचा श आणि ल

फाँट निवडताना अक्षरमालेचा तक्ता फसवतो; जो मजकूर छापायचा आहे तोच लावून पाहावा. भोरजवळच्या आंबवड्यासाठी माहितीफलक करायचा, तर शब्द ठरलेलेच आहेत: नागेश्वर मंदिर, झुलता पूल, शंकराजी नारायण सचिव आणि कान्होजी जेधे यांच्या समाध्या. समोर दोन देखणे फाँट ठेवू, नोटो सेरिफ देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी. देवनागरीत रोमन वळणाचे सेरिफ नसते. तिचा डौल बोरूच्या तिरप्या छेदातून, जाड रेघ बारीक होत जाते त्या वळणातून येतो. तो दोन्हींत आहे. पण ‘झुलता पूल’ टाइप करताच नोटोत हिंदी वळणाचा, उभ्या काठीचा दंडयुक्त ल उमटतो, टिरोत मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा पाकळीयुक्त. ‘शंकराजी’ लिहिताना टिरोचा श देठयुक्त येतो. महाराष्ट्र शासनानेही मराठीसाठी हीच रूपे धरली आहेत. म्हणून माझा कौल टिरोला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: नोटोत अगदी बारीक वजनापासून ठसठशीत काळ्यापर्यंत मोठी श्रेणी मिळते, टिरोत फक्त साधे आणि तिरके रूप. मात्र टिरोचे घराणे मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी घडले. सलग मजकूर वाचता यावा हा त्याचा मूळ हेतू. फलकावर शीर्षक उठून दिसायला आकार, रंग आणि भोवतालची मोकळी जागा एवढे पुरते. अक्षराचे चुकलेले रूप मात्र आकार वाढवून सुधारत नाही, उलट जास्त डोळ्यांत भरते. दुसरा आक्षेप असा की भाषा मराठी निवडली, की काही फाँट आपोआप मराठी रूपे देतात. खरे आहे, पण ती सोय सॉफ्टवेअरच्या हाती असते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ती टिकेलच असे नाही. तिसरा आक्षेप, एवढे कोण पाहतो? पाटीवर ल गिरवणारे मूल पाहते. शाळेत शिकलेले अक्षर आणि गावच्या फलकावरचे अक्षर वेगळे असले, तर त्याला अडखळावे लागते.

फलक गावाचा आहे. तिथे येणाऱ्याला शंकराजींचे नाव मराठी वळणातच वाचायला मिळावे, इतके तरी आपण त्या नावाचे देणे लागतो.