सामान्य विनोदाची मात्रा

उत्कृष्ट कलाकृतींचे गुण गाणारे टीकाकार सर्वत्र आढळतात; निकृष्ट कृतींचा समाचार घेणारेही कांहीं कमी नाहींत. परंतु या दोहोंच्या मधोमध असणाऱ्या, म्हणजे फारशा चांगल्या नव्हेत आणि त्रासदायकही नव्हेत, अशा कृतींविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. वस्तुतः दिवसभराच्या श्रमानें थकलेला मनुष्य संध्याकाळीं ज्यांच्याकडे वळतो, त्या बहुधा याच मधल्या वर्गांतल्या असतात. दूरचित्रवाणीवरील साध्या विनोदी मालिका हें याचें ठळक उदाहरण होय. त्या सामान्य आहेत हें ठाऊक असूनही मनुष्याला त्या पाहाव्याशा कां वाटतात? आणि त्या पाहणें हा वेळेचा अपव्यय समजावा, कीं विश्रांतीचा एक प्रकार? या प्रश्नांचा उलगडा होण्यास अमेरिकेंतील ‘गिलिगन्स आयलंड’, म्हणजे ‘गिलिगनचें बेट’, या मालिकेचा इतिहास फार उपयोगी पडतो.

त्या इतिहासाचा प्रारंभ एका भाषणानें होतो. १९६१ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील प्रक्षेपण-व्यावसायिकांच्या परिषदेपुढें न्यूटन मिनो हे बोलावयास उभे राहिले. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे ते अध्यक्ष होते. जमलेल्या मंडळींना त्यांनीं एक कसोटी सुचविली. सकाळीं प्रक्षेपण सुरू झाल्यापासून रात्रीं तें बंद होईपर्यंत, हातांत पुस्तक किंवा वर्तमानपत्र न घेतां, आपापल्या केंद्राचे कार्यक्रम पाहत बसावें. म्हणजे एका अफाट ओसाड माळाचें दर्शन घडेल, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या माळावरील खुरट्या झुडपांची जी यादी त्यांनीं दिली, तींत साच्यांतून काढलेल्या कौटुंबिक विनोदी मालिकाही होत्या.

शेरवुड श्वार्ट्झ या लेखकानें या टीकेचा सूड मोठ्या खेळकरपणें उगविला. १९६४ च्या सप्टेंबरमध्यें त्याची ‘गिलिगन्स आयलंड’ ही मालिका सी. बी. एस. या संस्थेनें दाखविण्यास प्रारंभ केला. वादळांत सांपडून फुटणाऱ्या तींतील नौकेचें नांव त्यानें ‘मिनो’ असें ठेविलें. वरवर पाहतां हें एका चिमुकल्या माशाचें नांव. परंतु रोख अध्यक्षमहाशयांवर होता.

कथानक एका वाक्यांत सांगण्यासारखें आहे. तीन तासांच्या जलविहारासाठीं निघालेले सात जण एका निर्जन बेटावर अडकतात आणि तेथून सुटण्याची खटपट करीत राहतात. नौकेचा धिप्पाड कप्तान, त्याचा वेंधळा सहायक गिलिगन, एक कोट्यधीश व त्याची पत्नी, एक सिनेनटी, एक प्राध्यापक आणि खेड्यांतून आलेली एक साधी मुलगी, एवढाच हा संसार. बऱ्याच भागांत सुटकेची एखादी संधि चालून येते, गिलिगनच्या हातून घोटाळा होतो आणि सारे पुन्हा आपापल्या झोपड्यांत परततात. प्राध्यापक बांबू आणि नारळ यांपासून वाटेल तीं उपकरणें बनवितो. फुटकी नौका मात्र त्याला दुरुस्त करतां येत नाहीं. एकदां तर लाटेवर स्वार होऊन एक पाहुणा बेटावर येतो आणि तसाच परतही जातो. परंतु पलीकडे पोंचतांच डोक्याला मार लागून तो सारें कांहीं विसरतो!

टीकाकारांनीं या मालिकेला बालिश ठरविलें. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पात्रें सपाट, विनोद ठराविक, योगायोग अशक्य कोटींतले. कांहीं भागांत तर आसपासच्या बेटांवरील रहिवाशांचीं आणि एका जपानी सैनिकाचीं जीं सोंगें उभीं केलीं आहेत, तीं आज पाहतांना हंसूं येण्याऐवजीं संकोच वाटतो. तीन हंगामांत ९८ भाग झाले आणि १९६७ सालीं, ‘गनस्मोक’ या जुन्या मालिकेला जागा करून देण्यासाठीं, हिला निरोप देण्यांत आला. परंतु एवढ्यानें तिचें आयुष्य संपलें नाहीं. निरनिराळ्या शहरांतील केंद्रांनीं जुने भाग विकत घेऊन ते वर्षानुवर्षें पुनःपुन्हा दाखविले, आणि टीकाकारांनीं टाकून दिलेली ही मालिका अनेक घरांत ओळखीची होऊन बसली.

याचें कारण तिच्या दोषांतच दडलेलें आहे. आरंभींचें गीत सगळी पूर्वकथा प्रत्येक वेळीं सांगून टाकतें. त्यामुळें गेला आठवडा चुकला तरी कांहीं बिघडत नाहीं आणि नव्या प्रेक्षकाला कोणास कांहीं विचारावें लागत नाहीं. पात्रांचे स्वभावही कधीं बदलत नाहींत. कप्तान चिडला कीं डोक्यावरची टोपी काढून गिलिगनला हाणणार, हें आधींच ठाऊक असतें. आणि शंभरदां ऐकलेल्या गोष्टींतील राक्षसाची वाट मूल जसें आनंदानें पाहतें, तशीच त्या टोपीची वाट प्रेक्षक पाहतो. या मालिकेचें चित्रण प्रेक्षकांसमोर होत नसे. ऐकूं येणारा हशा मागाहून मिसळलेला असे. असा हशा सांठवून कळ दाबतांच ऐकविणारें यंत्र चार्ली डग्लस या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत तयार केलें होतें. ही एक प्रकारची फसवणूक खरी. तथापि एकट्यानें जेवणाऱ्या माणसाला तेवढीच सोबत होते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कथानक जेथून निघतें तेथेंच परत येतें. हे सात जण सुटणार नाहींत आणि त्यांचें कांहीं बरेंवाईटही होणार नाहीं, अशी हमी प्रेक्षकाला असते. थोर नाटक पाहणाऱ्याच्या मनावर ओझें ठेवतें. घरीं आल्यावरही त्यांतील प्रश्न त्याचा पिच्छा सोडीत नाहींत. हेंच त्याचें थोरपण होय. पण ज्याच्या घरांत दुखणें आहे, ज्यानें दिवसभर वरिष्ठांचीं बोलणीं खाल्लीं आहेत, त्याच्या अंगीं संध्याकाळीं आणखी एक ओझें उचलण्याची शक्ति उरलेली नसते. जेथें चुकीची शिक्षा टोपीच्या फटक्यापलीकडे जात नाहीं, अशा जगांत त्याला अर्धा तास बसावयाचें असतें. तापांतून उठलेल्याला मेतकूट-भात देतात. त्यामुळें पंचपक्वान्नांची महती कमी होत नाहीं आणि मेतकूट-भाताला कोणी नांवेंही ठेवीत नाहीं.

हा नियम किती पक्का आहे, हें पुढें १९७८ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं दाखविलेल्या एका चित्रपटांत या मंडळींची अखेर सुटका झाली. पण सुटकेनंतर पुन्हा एकत्र जलविहारास निघालेले ते सातही जण वादळांत सांपडून त्याच बेटावर येऊन पडले! बेटावांचून ते कोणालाच नको होते.

तर मग मिनो यांचें चुकलें काय? मुळींच नाहीं. त्यांची कसोटी संबंध दिवसाची होती. दिवसभर अशाच मालिका पाहणाऱ्याला खरोखरच ओसाड माळ दिसेल, जसा तिन्ही त्रिकाळ मेतकूट-भात खाणारा मनुष्य अशक्तच राहील. श्वार्ट्झची मालिका मात्र आठवड्यांतून एकदां, जाहिरातींसह अर्धा तास लागे. आणि तेवढ्यापुरता त्याचाही दावा खरा होता. अशा कृतींचें मोल त्यांच्या मात्रेवर अवलंबून असतें.

पूर्वीं ही मात्रा प्रक्षेपण-केंद्र ठरवीत असे. पुढचा भाग पाहावयाचा तर सात दिवस थांबण्यावांचून गत्यंतर नसे. आज इंटरनेटवरील अनेक सेवांत एक भाग संपतो न संपतो तोंच दुसरा आपोआप सुरू होतो. जाहिराती वगळल्या तर ‘गिलिगन्स आयलंड’चा एक भाग सुमारें २५ मिनिटांचा; म्हणजे रोज सहा तास बसणारा मनुष्य तीन हंगामांचा हा सांठा एका आठवड्यांत फस्त करूं शकतो. तेवढ्यानें त्याला विश्रांति मिळेल असें नाहीं. डोळे जड होतील, झोंप उडेल, आणि मिनो यांचा माळ त्याच्याच घरांत अवतरेल.

म्हणून थकल्या संध्याकाळीं सामान्य विनोदाकडे वळणाऱ्यानें स्वतःला अपराधी मानण्याचें कारण नाहीं; मात्र मात्रा ठरविण्याचें काम आतां त्याचें त्यालाच करावें लागतें. पाहून उठतांना मन हलकें असेल आणि उद्यांच्या कामाची धास्ती थोडी उणी झाली असेल, तर तो अर्धा तास सत्कारणीं लागला. गिलिगनला बेटावर परतावेंच लागतें. पाहणाऱ्यानें मात्र वेळेवर बेट सोडून घरीं यावें, हें बरें.