जुन्या जोत्यावर नवे घर : आधी पाया उकरून पाहा

सुगी आटोपून हाती चार पैसे आले की पडके घर उतरवून नवे बांधण्याचा विचार सुरू होतो. जोते दगडी आहे, आजोबांच्या वेळचे आहे, त्यावरच भिंती उचला, असा सल्ला हमखास मिळतो. पायाचा खर्च वाचला तर कोणाला नको? परंतु जोते वरून धड दिसले म्हणजे पाया धड असतोच असे नाही.

देऊळघाटसारख्या बुलडाणा पठारावरील गावात जमीन हातोहात पालटते. माळाच्या अंगाला हात-दोन हातांवर मुरूम लागतो, तर नदी-नाल्याकडे काळी माती खोल असते. गावठाणातील पांढरी ही तर मूळ जमीनच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख व केर यांची ती भर आहे. त्यात एखादे बुजवलेले पेव निघाले तर पाया अधांतरीच समजा. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना पेव कोठे होते ते आधी विचारावे.

घर उतरविण्यापूर्वी भेगा पाहून घ्याव्यात. उन्हाळ्यात रुंदावणारी व पावसाळ्यात मिटणारी भेग म्हणजे पाया काळ्या मातीवर असल्याची खूण. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते.

नंतर उन्हाळ्यात, एक कोपऱ्याशी व एक भिंतीच्या मध्यावर, बाहेरून तीन-तीन फुटांचे खड्डे घ्यावेत. एक बुजवून मगच दुसरा घ्यावा. पायाच्या तळाखाली खोदू नये आणि भिंतीलगत सलग चर तर मुळीच काढू नये. भिंत अंगावर येईल. तळाशी कठीण मुरूम आहे की माती, हे पहार मारून पाहावे. दगडांमधला गारा खिळ्याने उकरावा. भसाभस निघाला तर बांधकाम चिखलातले आहे. आतले व बाहेरचे दगड वेगळे, मधे नुसती भर आणि आरपार जाणारा दगड नाही, अशा जाड भिंतींनीच ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे गाडली.

आता वजनाचा हिशेब. चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस फुटास सुमारे २३-२४ किलो भरते, टिनपत्र्याचे एका किलोच्या आत. फूटभर मातीचे माळवद ४० किलोच्या वर जाते. तेव्हा माळवद पेलले, स्लॅब का नाही, असे कोणी म्हणेल. पण माळवदाचे ओझे बहुधा लाकडी खांबांवर असे. भिंतीच्या पायाने ते कधी पेललेलेच नसते.

तळ मुरमात, बांधकाम चुन्या-सिमेंटचे व घट्ट, नव्या भिंती जुन्याच रेषेवर आणि घर एकमजली, एवढे सारे जुळले तरच पाया ठेवावा. वरचा सैल थर काढून सर्व भिंतींवर सलग सहा इंची सळई-काँक्रीटचा पट्टा घालावा. कॉलम जुन्या दगडकामावर उभे करू नयेत. त्यांना स्वतंत्र पाया हवा. अर्धे घर जुन्या व अर्धे नव्या पायावर घेतल्यास सांध्यावर तडा ठरलेलाच.

काळी माती वा पांढरी असल्यास पाया बदलावा व मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फारच खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत सुमारे साडेतीन मीटरपर्यंत उतरवितात.

जुना डबर मात्र फेकू नये. माती धुऊन, ठिसूळ दगड वेगळे काढून तोच सिमेंटमध्ये नव्या पायाला वापरावा.