थरांतून घडणारे यंत्रभाग : उपयोग आणि मर्यादा

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे तुरीच्या बाजारपेठेचे गाव होय. अशा ठिकाणी ऐन हंगामात डाळगिरणीतील बिडाचे एखादे दातेरी चक्र तुटले आणि ते यंत्र करणारा कारखानाच बंद पडलेला असला, तर गिरणीचा खोळंबा होतो. त्रिमितीय मुद्रणाने हा प्रश्न सुटेल काय, याचा विचार केल्यास त्या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या दोहोंचाही उलगडा होतो.

लेथवर धातू कापून आकार काढला जातो. ओतकामात वितळलेला धातू साच्यात भरला जातो. मुद्रणात संगणकावरील आकृतीचे पातळ काप कल्पून पदार्थाचे थर एकावर एक रचले जातात. जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली अशी पद्धत वर्णिली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली एकस्वासाठी अर्ज केला.

साचा लागत नसल्यामुळे आकृती कितीही गुंतागुंतीची असली तरी खर्च फारसा वाढत नाही. 'इस्रो'ने ९ मे २०२४ रोजी 'पीएसएलव्ही' अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे मुद्रित एंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. त्यात १४ भागांचा एकच भाग झाला, १९ सांधे वगळले गेले, आणि ५६५ किलोग्रॅम धातूऐवजी १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरली. प्रत्येक रुग्णाच्या मापाची कृत्रिम अस्थी घडविण्यातही हाच लाभ होतो.

तथापि मुद्रणात हजाराव्या नगासही जवळजवळ पहिल्याइतकाच वेळ लागतो. साच्याचा खर्च मात्र हजारो नगांवर विभागला जातो. म्हणून एकसारखे पुष्कळ नग हवे असतील तेथे जुनी पद्धतच स्वस्त पडते. शिवाय प्लॅस्टिकचे थर एकमेकांपासून सुटण्याचा संभव असल्याने वस्तूचे बळ सर्व दिशांना सारखे नसते. धातूच्या मुद्रित भागात सूक्ष्म पोकळ्या व अंतर्गत ताण राहू शकतात. त्यास उष्णतासंस्कार द्यावे लागतात आणि पृष्ठभाग पुन्हा यंत्रावर साफ करावा लागतो.

यास्तव गिरणीचे भार वाहणारे चक्र साध्या प्लॅस्टिकमध्ये मुद्रित करून बसविणे धोक्याचे ठरेल. मधला मार्ग असा की, प्लॅस्टिकचा केवळ फर्मा मुद्रित करावा, त्यावरून वाळूचा साचा करावा आणि ओतशाळेत बीड ओतावे. भार बिडावर पडतो. फर्म्याला साचा उठविण्यापुरतेच काम असते. मात्र झिजलेल्या चक्राची हुबेहूब नक्कल केली, तर झीजही नव्या भागात उतरते. म्हणून दात्यांची संख्या व दोन आसांमधील अंतर यांवरून मूळ आकृती गणिताने काढावी लागते. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकुंचन पावते, तेवढा फर्मा मोठा ठेवावा लागतो. वाळूतून तो सहज निघावा म्हणून बाजूंना किंचित उतारही द्यावा लागतो.

ही गणिते यंत्र करून देत नाही. मुद्रणयंत्र दुधनीत आणणे त्यामानाने सोपे आहे. बीड, वाळू आणि दाता यांचे ज्ञान असलेला कारागीर त्यापाशी नसेल, तर त्यातून निघणारा भाग केवळ दिसण्यापुरताच चक्र ठरेल.