लीगचा गुणतक्ता : गणिताचा जिवंत पाठ



आपल्या कऱ्हाटी-बारामती भागातली मुलं क्रिकेट-कबड्डीतली. पण चौथी-पाचवीच्या गणिताला फुटबॉलची लीगही खूप कामाची आहे.

२०२०-२१ ची इंडियन सुपर लीग घ्या. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच झाले. ११ संघ, प्रत्येकाशी दोनदा लढत, म्हणजे प्रत्येकी २० सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, हरल्यावर शून्य.

२८ फेब्रुवारी २०२१, साखळीतला शेवटचा सामना. एटीके मोहन बागानचे ४० गुण, मुंबई सिटीचे ३७ आणि गाठ या दोघांचीच! इथं थांबून मुलांना विचारा, बरोबरी झाली तर पहिला कोण? ४१ विरुद्ध ३८, म्हणजे मोहन बागान. मुंबईला जिंकायलाच हवं होतं. ती २-० ने जिंकली.

आता दोघांचे ४० गुण. पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले, म्हणून पहिला नंबर मुंबईचा.

मुंबईचे ४० आले कसे? १२ विजयांचे ३६ आणि ४ बरोबरींचे ४. "बरोबरी म्हणजे काहीच नाही" असं मुलं म्हणतात ना, त्यांना सांगा, ते चार गुण नसते तर नंबर गेला असता.

आता वर्गात चार संघ पाडा, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच लढत. एकूण सामने किती? उत्तर मुलांनाच काढू द्या.